गावच्या वर जायची वाट: चीनचा १९५० चा विवाह कायदा

कम्युनिस्ट चीनने केलेला पहिला मोठा कायदा जमिनीचा नव्हता, लग्नाचा होता. १ ऑक्टोबर १९४९ ला नवी राजवट जाहीर झाली, १३ एप्रिल १९५० ला विवाह कायदा मंजूर झाला आणि १ मे पासून तो लागू झाला. जमीन सुधारणेचा कायदा त्यानंतर दोन महिन्यांनी, जूनअखेर आला. आपल्याकडे माओच्या चीनवर वाद रंगतो तेव्हा या विवाह कायद्याची एका ओळीत बोळवण होते. एक बाजू म्हणते, चिनी बाईला एका फटक्यात मुक्ती मिळाली. दुसरी म्हणते, तो सगळा काळच दडपशाहीचा, त्यात चांगलं काय शोधायचं? कायद्यात नेमकं काय होतं, तो गावात कसा राबवला आणि पुढच्या तीस वर्षांत त्याचं काय झालं, हे तपासायची गरज दोन्ही बाजूंना वाटत नाही.

ते तपासलं तर एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. हा कायदा जिथे रुजला तिथे तो छळ सोसणाऱ्या बाईला गावकारभाऱ्यांना ओलांडून वर जायची वाट मिळाली म्हणून रुजला. आणि ती वाट ज्या पक्षाने उघडली, त्याच पक्षाने ती दहा वर्षांच्या आत बुजवत आणली. सुरुवातीच्या कम्युनिस्ट राजवटीतल्या सामाजिक बदलांचं मूल्यमापन करायचं तर या दोन्ही गोष्टी एकत्र धराव्या लागतील. एकीचं श्रेय घ्यायचं आणि दुसरी 'पुढच्या चुका' म्हणून बाजूला ठेवायची, हा हिशेब प्रामाणिक नाही.

कायदा लहान होता. आठ प्रकरणं, सत्तावीस कलमं. वडीलधाऱ्यांनी लादलेलं लग्न, द्विभार्या, रखेल ठेवणं आणि बालवाग्दान यांवर बंदी आली. विधवेच्या पुनर्विवाहात आडकाठी आणणं आणि लग्नाच्या निमित्ताने पैसे किंवा वस्तू उकळणंही बेकायदा ठरलं. लग्नाचं किमान वय मुलाला २०, मुलीला १८. दोघांनी स्वतः जाऊन सरकारदरबारी नोंद करायची. नवरा-बायकोचा घरच्या मालमत्तेवर सारखा हक्क, दोघांनाही आपलं स्वतःचं आडनाव ठेवायची मुभा. बायको गरोदर असताना आणि बाळंतपणानंतर वर्षभर नवऱ्याला घटस्फोट मागता येणार नाही, बायकोला मात्र येईल. सतराव्या कलमात खरा दारूगोळा होता: दोघांची संमती असेल तर घटस्फोट लगेच, आणि एकाचाच आग्रह असेल तर समेटाचा प्रयत्न फसल्यावर तोही मिळेल. मसुदा तयार होताना या 'एकाच्या आग्रहा'वर पक्षातच बरीच हुज्जत झाली. शहरात शिरलेले कार्यकर्ते गावाकडच्या बायका टाकून देतील, अशी भीती काहींना होती. पक्षाच्या महिला महासंघाच्या नेत्या डेंग यिंगचाव यांनी हे कलम लावून धरलं. खेड्यातल्या बाईच्या हाती दुसरं हत्यारच नाही, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

मात्र कागदावर यातलं बरंचसं नवीन नव्हतं. कम्युनिस्टांच्या आधीच्या राष्ट्रवादी सरकारच्या दिवाणी संहितेचा कुटुंबविषयक भाग १९३१ पासून लागू होता. वाग्दान मुलामुलीने स्वतः करायचं, संमतीने घटस्फोट घेता येतो, मुलीलाही वारसाहक्क आहे, हे सगळं त्यात होतं. शांघाय, नानजिंगसारख्या शहरांतल्या शिकलेल्या बायकांनी त्याचा उपयोग करून घेतला. खेड्यात तो कायदा पोचलाच नाही. कोर्ट लांब, वकील महाग, आणि गावात ज्यांच्याकडे दाद मागायची ते सगळे सासरचेच भाऊबंद. १९५० नंतर जो फरक पडला तो शब्दांमुळे कमी आणि गावात उभ्या केलेल्या यंत्रणेमुळे जास्त.

त्या यंत्रणेचा नमुना सत्ता येण्याआधीच, वायव्येच्या 'मुक्त', म्हणजे कम्युनिस्टांच्या ताब्यातल्या, प्रदेशात तयार झाला होता. १९४३ साली हुआची तालुक्यात फंग झीचिन या तरुणीचा खटला गाजला. तिचं वाग्दान लहानपणीच जांग घराण्यातल्या मुलाशी झालं होतं. पुढे देजाचे, म्हणजे वधूमूल्याचे, भाव वाढले तशी तिच्या बापाची नियत फिरली. त्याने ते वाग्दान मोडलं आणि जास्त पैसे घेऊन तिला एका श्रीमंत माणसाला द्यायचं ठरवलं. दरम्यान तिची जांगच्या मुलाशी गाठ पडली आणि लग्न करीन तर याच्याशीच, असं तिने सांगितलं. मुलाचा बाप वीसेक माणसं घेऊन रात्री आला आणि तिला घेऊन गेला. तिच्या बापाने फिर्याद केली. तालुक्याच्या न्यायाधीशाने मुलाच्या बापाला सहा महिन्यांची कैद ठोठावली आणि लग्न रद्द केलं. मुलीला तिचं म्हणणं कोणी विचारलंच नाही. ती पायी चालत विभागाचे अधिकारी मा शीवू यांच्याकडे गेली. मा यांनी गावात येऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे चौकशी केली, मुलीला एकटीला विचारलं आणि सगळ्या गावासमोर सुनावणी घेतली. निकाल असा: दोघांची इच्छा आहे, तेव्हा लग्न वैध; रात्री जमाव घेऊन मुलगी पळवली म्हणून मुलाच्या बापाला शिक्षा; आणि मुलगी विकायला काढली म्हणून तिच्या बापाला श्रमाची शिक्षा, त्याने घेतलेले पैसे जप्त.

पुढे या खटल्यावर लोकनाट्यं झाली, ऑपेरा झाला आणि १९५० नंतर कायद्याच्या प्रचारासाठी ते गावोगाव दाखवले गेले. निकालातला न्याय मोलाचा आहेच, पण त्यामागची रचना जास्त मोलाची आहे. खालच्या न्यायाधीशाने चूक केली. मुलीला त्याच्या वर जाता आलं. वरचा माणूस स्वतः गावात आला. तिची संमती बापाच्या आणि सासऱ्याच्या गैरहजेरीत विचारली गेली. या चारांतली एक पायरी गळली असती तर उरलेल्या तिन्हींचा उपयोग नव्हता.

आता १९५० नंतरचं गाव पाहू. नोंदणीची रीत सोपी होती. गावातून ओळखपत्र घ्यायचं, दोघांनी ते घेऊन मंडल कचेरीत जायचं. तिथला कारकून वय विचारणार, नातं आणि आजार विचारणार, प्रत्येकाला स्वतःची मर्जी आहे का विचारणार आणि दाखला देणार. यात बिघाड कुठे व्हायचा तेही सांगायला हवं. जन्माची नोंद नव्हती. वय मोजायची जुनी रीत अशी की मूल जन्मतःच एक वर्षाचं आणि नववर्ष आलं की सगळ्यांचं वय एकाने वाढायचं. म्हणजे नववर्षाच्या तोंडावर जन्मलेली मुलगी महिन्याभरात 'दोन वर्षांची' व्हायची, आणि गावाच्या हिशेबातली अठरा वर्षांची मुलगी प्रत्यक्षात सोळा-सतराची असायची. देज थेट मागता येत नाही म्हटल्यावर तो 'भेटवस्तू' या नावाने फिरू लागला. आणि ओळखपत्र देणारा गावचा कार्यकर्ता मनात आणील तर मुलामुलीला महिनोन्‌महिने खेटे घालायला लावायचा.

घटस्फोटाची वाट याहून बिकट. आधी गावात समेट, मग मंडल कचेरीत समेट, मग तालुक्याच्या कोर्टात, आणि कोर्टानेही पुन्हा आधी समेटच करायचा. त्या काळात बायकांत बोललं जायचं की घटस्फोटाला तीन नाके ओलांडावे लागतात: नवऱ्याचा, सासूचा आणि कार्यकर्त्याचा, आणि त्यातला तिसरा सगळ्यांत अवघड. ज्या बाया हा गावातला नाका टाळून थेट तालुक्याला गेल्या त्यांची सुटका व्हायची शक्यता अधिक. गावात अडकल्या त्यांच्या वाट्याला मार आला.

गावातले कार्यकर्ते आडवे का येत? ते नुसते 'जुन्या विचारांचे' होते म्हणून सोडून देणं हे पक्षाचं तेव्हाचं सोयीचं उत्तर होतं. कारण जास्त ठोस आहे. हे कार्यकर्ते बहुतेक गरीब शेतकऱ्यांची तरणी पोरं. गरिबाला बायको मिळणं हीच मोठी गोष्ट. देज द्यायला घराने वर्षानुवर्षं साठवलेलं किंवा कर्जाने काढलेलं असायचं. अशा घरातली सून घटस्फोट घेऊन निघाली की तीन गोष्टी जाणार: बायको, दिलेला पैसा आणि तिच्या वाट्याची जमीन. जमीन सुधारणेत वाटप माणशी झालं होतं आणि बाईचाही वाटा पुरुषाएवढाच धरला होता. सरकारी आकड्यांप्रमाणे तीस कोटींवर शेतकऱ्यांना सत्तर कोटी मू जमीन मिळाली. एक मू म्हणजे साडेसहा गुंठे. सरासरी काढली तर माणशी जेमतेम पंधरा गुंठे होतात. एवढ्याशा तुकड्यांवर जगणाऱ्या घरातून पंधरा गुंठे कमी होणं म्हणजे पोटाचा प्रश्न. नव्या जमीन-दाखल्यांवर घरातल्या सगळ्यांची नावं असत, बायकांचीही. आपल्या सातबाऱ्यावर सुनेचं नाव चढलं तर घरात काय वातावरण होतं हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना हा विरोध समजावून सांगायला नको. खेड्यांत या कायद्याला 'घटस्फोटाचा कायदा' आणि 'बायकांचा कायदा' अशी नावं पडली ती यामुळेच.

परिणाम भयानक झाले. घटस्फोट मागणाऱ्या, सासरी परत जायला नकार देणाऱ्या, स्वतः नवरा निवडणाऱ्या बायकांचे खून झाले आणि त्याहून जास्त बायकांनी जीव दिले. सरकारच्या स्वतःच्या पाहणीतच हे बळी हजारोंच्या घरात निघाले आणि काही ठिकाणी खुनांत गावच्या कार्यकर्त्यांचाच हात असल्याचं उघड झालं. सप्टेंबर १९५१ मध्ये पंतप्रधान चाऊ एन-लाय यांच्या सरकारने कायद्याची अंमलबजावणी तपासायचा आदेश काढला. हे त्या राजवटीच्या बाजूने नोंदवलं पाहिजे: बळींची संख्या तिने दडवली नाही, उलट तीच पुढे करून खालच्या यंत्रणेला जाब विचारला.

मग आला मार्च १९५३. हा महिना देशभर विवाह कायद्यासाठी राखून ठेवला होता. सर्वोच्च न्यायालयाचे प्रमुख शेन च्युनरू यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय समिती नेमली. आधीच्या दोन-तीन महिन्यांत निवडक गावांत प्रयोग करून पाहिले, आणि गावापर्यंत जाणाऱ्या कार्यकर्त्यांनाच आधी शिकवलं, कारण दुखणं त्यांच्यातच होतं. जिथे जमीन सुधारणा पुरी झाली नव्हती ते प्रदेश आणि अल्पसंख्याकांचे प्रदेश वगळले. सूचना मुद्दाम सौम्य ठेवल्या होत्या. जुनी लग्नं उकरून काढायची नाहीत. नवऱ्यांवर आणि सासवांवर जाहीर 'संघर्ष सभा', म्हणजे माणसाला गावासमोर उभं करून छळायच्या सभा, घ्यायच्या नाहीत. खून, गंभीर मारहाण, जीव द्यायला भाग पाडणं एवढ्यांवरच खटले. बाकी ठिकाणी समजावणं. चित्रं, नाटकं, वाचनसभा, घराघरांतल्या बैठका. त्या वर्षी कोर्टांकडे घटस्फोटाची अकरा लाखांवर प्रकरणं आली. आधीच्या कुठल्याच वर्षी एवढी नव्हती, आणि पुढची कित्येक वर्षं एवढी झाली नाहीत.

बळाशिवाय चीनमधली सरंजामी बंधनं तुटलीच नसती, हा युक्तिवाद मराठी डाव्या वर्तुळांतही पुष्कळदा ऐकू येतो. त्याचं उत्तर या महिन्यात आहे. त्याच तीन-चार वर्षांत जमीन सुधारणेच्या सभांत जमीनदारांना ठार मारलं गेलं. बळींचे अंदाज काही लाखांपासून वीस लाखांपर्यंत आणि त्याहून पुढेही जातात. प्रतिक्रांतिकारकांविरुद्धच्या मोहिमेत सरकारी आकड्याप्रमाणेच सात लाखांवर माणसांना देहदंड झाला. विवाह कायद्याचा सगळ्यांत फलदायी महिना मात्र असा होता की ज्यात जाहीर छळाला मनाई होती, शिक्षण आधी होतं आणि खटले मोजके होते. त्या सौम्य महिन्यामागेही पक्षाचा धाक उभा होता, हे खरं. पण धाक आधीच्या तीन वर्षांतही होता, आणि त्या तीन वर्षांत बायका मरत होत्या. १९५३ मध्ये भर पडली ती गावच्या कारभाऱ्यावर वरून ठेवलेल्या नजरेची आणि बाईचं ऐकून घ्यायच्या हुकमाची.

याच्या जोडीने घडलेला आणखी एक बदल कमी गाजला, पण माझ्या मते तो जास्त टिकला: सुइणींचं शिक्षण. जुन्या पद्धतीत नाळ घरातल्या कात्रीने, कोयत्याने, कधी फुटक्या मडक्याच्या खापरीने कापत आणि ती जागा कशानेही बांधत. धनुर्वाताने तान्ही मुलं आठवड्याच्या आत दगावत, बाळंतज्वराने आया जात. सरकारने जुन्या सुइणींना हाकललं नाही. त्यांनाच बोलावून काही दिवसांचं शिक्षण दिलं: नखं कापा, हात साबणाने घासा, कात्री उकळा, नाळ बांधून कापा, वर निर्जंतुक कापड लावा, बाईला बसवून न ठेवता आडवी करा. महागडं यात काहीच नाही. पण हे ज्ञान गावातल्याच बाईच्या हातात गेलं, आणि मोहीम संपली, अधिकारी बदलले तरी हातात आलेली ही कला तिच्याकडून कोणी काढून घेऊ शकलं नाही. विवाह कायद्याने दिलेलं असं नव्हतं. ते वरच्याच्या मर्जीवर उभं होतं.

ती मर्जी लवकरच फिरली. मार्च १९५३ संपला आणि पक्षाचं लक्ष धान्याची सक्तीची खरेदी आणि सामुदायिक शेतीकडे गेलं. गावात उत्पादन वाढवायचं तर घरं मोडून चालणार नाही. कोर्टांचा कल समेटाकडे गेला. कलमांत एका अक्षराचाही बदल झाला नाही, तरी घटस्फोट मिळणं वर्षागणिक अवघड झालं आणि १९५६ पर्यंत प्रकरणांची संख्या निम्म्याखाली आली. घराशी पत्रव्यवहार ठेवणाऱ्या सैनिकाच्या बायकोला तर त्याच्या संमतीशिवाय घटस्फोट मागताच येत नव्हता. ही अट मूळ कायद्यातच होती, आणि कोरियाच्या युद्धात माणसं लाखोंनी आघाडीवर असल्याने तिचा जाच मोठा होता. १९५७ च्या परिषदेत महिला महासंघाने घोषणा दिली ती काटकसरीने देश उभारायची आणि काटकसरीने घर चालवायची. म्हणजे ज्या संघटनेने बाईला घराबाहेर पडायचा रस्ता दाखवायचा, तीच तिला संसार नेटका करायला सांगू लागली.

दुसरा आणि जास्त खोल घाव सामुदायिक शेतीने घातला. सुरुवातीच्या सहकारी संस्थांत जमिनीच्या वाट्यावर काही लाभांश मिळे, तेव्हा बाईच्या पंधरा गुंठ्यांना काही किंमत होती. १९५६ अखेर सुमारे ८८ टक्के शेतकरी घरं उच्च स्तराच्या संस्थांत गेली, तिथे जमिनीचा लाभांश बंद झाला आणि मोबदला फक्त श्रमाचा राहिला. दाखल्यावरचं बाईचं नाव तीन-चार वर्षांत निरर्थक झालं. श्रमाचा मोबदला गुणांत मोजायचा. पुरुषाला दिवसाचे दहा गुण, बाईला सात किंवा आठ, मग तिने कितीही काम केलेलं असो. आणि हे गुण तिच्या हाती येत नसत. सगळ्या घराचे गुण एका खात्यात, वर्षअखेरचं धान्य आणि उरलेसुरले पैसे कुटुंबप्रमुखाच्या ताब्यात. घरच्या मालमत्तेवर नवरा-बायकोचा सारखा हक्क सांगणारं दहावं कलम कायद्यात होतंच. खातेवहीत नव्हतं.

एका गोष्टीला तर पक्षाने कधी हातच लावला नाही: लग्न झालं की मुलीने नवऱ्याच्या गावी जायचं. शेतीची तुकडी म्हणजे बहुधा एकाच भावकीतले पुरुष. गावात वाढलेली, लिहायला शिकलेली, महिला समितीचं काम बघणारी मुलगी लग्न होऊन गेली की तिथे नवखी सून. तिचं स्थान, ओळखी, पक्षातला अनुभव सगळं माहेरी राहायचं. पुढे ९ जानेवारी १९५८ ला हुकोउचा, म्हणजे रहिवास-नोंदणीचा कायदा आला आणि गावाची कुंपणं कायद्याने पक्की झाली. मुलाचा हुकोउ आईवरून ठरे, आणि हा नियम १९९८ पर्यंत टिकला. शहरातल्या कामगाराने खेड्यातली मुलगी केली तर त्याची मुलं खेड्यातली, त्यांना शहरातलं रेशन नाही, शाळा नाही. 'पूर्ण स्वेच्छेने' लग्न करा म्हणणाऱ्या राज्याने शहर आणि खेडं यांच्यातलं लग्न जवळपास अशक्य करून ठेवलं. जमीन सुधारणेतला वर्गाचा शिक्का मात्र बापाकडून येई. जमीनदाराच्या मुलाला आणि पुढे नातवालाही मुलगी देताना लोक दहादा विचार करत. सरंजामी विवाहपद्धती मोडायला निघालेल्या राजवटीने कुळाची नवी उतरंड तयार केली आणि तिची वंशावळ बापावरूनच मोजली.

१९५८ च्या उत्तरार्धात कम्यून आले. काही महिन्यांत सात लाखांवर शेती सहकारी संस्था एकत्र करून त्यांचे सव्वीस हजारांच्या आसपास कम्यून झाले. सार्वजनिक भोजनगृहं, पाळणाघरं निघाली. बायकांची चुलीपासून सुटका झाल्याचं जाहीर झालं. कल्पना वाईट नव्हती. पण भोजनगृह उघडलं म्हणजे घरातलं धान्य आणि भांडी गेली, आणि जेवण देणं-न देणं कार्यकर्त्याच्या हाती आलं. पुरुष पोलाद भट्ट्यांवर आणि धरणांवर गेले, शेतीचं जड काम बायकांवर पडलं. बाळंतपणानंतर लगेच कामाला जुंपल्याने अंग बाहेर येण्याचा त्रास हजारो बायकांनी जन्मभर सोसला. नंतर दुष्काळ. त्यातल्या मृत्यूंचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत आहेत. बरेच अभ्यासक तीन कोटींच्या आसपास थांबतात. गान्सूसारख्या प्रांतांतून बायका पोटासाठी पळाल्या आणि नवरा जिवंत असताना शेजारच्या प्रांतात दुसऱ्याचं घर धरून राहिल्या. विवाह कायद्याकडे त्यांना द्यायला काही नव्हतं.

इथे कोणी म्हणेल, दुष्काळाचा आणि विवाह कायद्याचा संबंध काय? संबंध त्या वर जायच्या वाटेचा आहे. १९५१ मध्ये खालून बातमी वर आली की बायका मरताहेत, आणि वरून उत्तर गेलं. १९५९ मध्ये खालून बातमी वर जाऊ शकली नाही. मधल्या काळात काय झालं? १९५७ च्या उजव्यांविरोधी मोहिमेत साडेपाच लाख माणसांवर 'उजवे' असा शिक्का बसला, त्यांत पत्रकार, शिक्षक, कायदेपंडित होते. नुकताच उभा राहू लागलेला वकिली व्यवसाय मोडीत निघाला. एप्रिल १९५९ मध्ये न्याय मंत्रालयच बंद केलं. ज्या यंत्रणेमुळे फंग झीचिनला वर जाता आलं, ती यंत्रणा राज्याने स्वतःच्या हाताने काढून टाकली, कारण तिच्यातून विवाहाच्या तक्रारींबरोबर धान्याच्या आणि कार्यकर्त्यांच्याही तक्रारी वर येत होत्या. छळणाऱ्या सासूविरुद्ध दाद ऐकून घ्यायची आणि छळणाऱ्या पक्ष-सचिवाविरुद्ध घ्यायची नाही, अशी वेगवेगळी दारं ठेवता येत नाहीत. दार एकच असतं.

याच वर्षांत आपल्याकडे काय चाललं होतं ते शेजारी ठेवून बघण्यासारखं आहे. मुंबई प्रांताने द्विभार्या प्रतिबंधाचा कायदा १९४६ मध्ये आणि हिंदू घटस्फोटाचा १९४७ मध्ये केला होता. पण देशपातळीवर हिंदू कोड बिल अडलं आणि सप्टेंबर १९५१ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. चीनमध्ये कायद्याला दीड वर्ष होत आलं होतं. त्याला अडवणारी संसदच तिथे नव्हती. आपला हिंदू विवाह कायदा १९५५ मध्ये आला तोही मिळमिळीत: मुलीचं वय १५, नोंदणी सक्तीची नाही, संमतीने घटस्फोट तर १९७६ पर्यंत नाहीच. आपला कायदा खेड्यातल्या बाईपर्यंत न्यायला राज्याने मार्च १९५३ सारखा एक महिनाही कधी दिला नाही, आणि याची लाज आपल्याला वाटायला हवी. तरीही आपल्याकडे विरोधक उघड बोलत होते, हरलेले पुन्हा उभे राहू शकत होते, आणि अर्धवट राहिलेला कायदा पुन्हा विधिमंडळात आणता येत होता. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांसारखा हक्क दिला. त्याआधी शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मी मुक्ती मोहिमेत नवऱ्यांकरवी जमिनी बायकांच्या नावे करवल्या होत्या. चीनमध्ये १९५७ नंतर अशी मोहीम पक्षाबाहेरच्या कोणी काढणं कल्पनेपलीकडचं होतं. पक्षातली महिला संघटनासुद्धा सांस्कृतिक क्रांतीत बंद पडली ती १९७८ पर्यंत.

१९८० मध्ये नवा विवाह कायदा आला, वयं २२ आणि २० झाली, घटस्फोट सोपा झाला. त्याच सुमारास कम्यून मोडून जमीन पुन्हा घरांना कसायला दिली, पण करार कुटुंबप्रमुखाशी झाला. आधी पंधरा वर्षांचे, मग तीस वर्षांचे करार, आणि मधे फेरवाटप शक्यतो नाही. मुलगी लग्न होऊन गेली की तिचा वाटा माहेरी भावाकडे राहिला आणि सासरच्या गावात नव्या माणसाला द्यायला जमीन नव्हती. १९५० नंतर दाखल्यावर चढलेलं तिचं नाव पुन्हा दाखल्यावर यावं, अशी स्पष्ट तरतूद व्हायला २०१८ ची दुरुस्ती लागली. तोवर, आणि कित्येक ठिकाणी त्यानंतरही, अशी बाई तक्रार घेऊन गेली तर गावसमिती तिला गावची सदस्यच मानत नसे. आणि कोर्टात गेली तर, २०२५ मध्ये अशा वादांना कोर्टाचं दार उघडणारा कायदा लागू होईपर्यंत, अनेक कोर्टं हा गावाच्या स्वशासनाचा विषय म्हणून दावा दाखल करून घेत नसत.